ट्रॅक्टरला एरंडेल

ट्रॅक्टर सुरू होत होता, पुढं जात होता, मागं येत होता, भोंगा वाजवत होता. फक्त ज्या कामासाठी आणला तेवढं एकच काम करत नव्हता. माझ्या एकवीस वर्षांच्या मास्तरकीत अशी मुलं मी पुष्कळ पाहिली, पण त्यांच्या नावापुढं 'जबाबदार इसम' म्हणून माझी सही नव्हती. ट्रॅक्टरच्या कागदावर होती.

सन एकोणीसशे सत्तावन्न, एप्रिल महिना. मी आंजीच्या शाळेचा हेडमास्तर आणि गावच्या सहकारी संस्थेचा मानद चिटणीस. मानद या शब्दात मान असतो अशी तोवर माझी समजूत होती. संस्थेला तालुक्याहून एक जुना इंग्रजी ट्रॅक्टर मिळाला. तो लढाईच्या आधीचा होता आणि त्याचा मूळ रंग कोणता यावर गावात दोन तट होते. त्याच्या बसायच्या जागेमागून मनगटाएवढा जाड लोखंडी दांडा बाहेर आलेला होता. डाव्या हाताचा दट्ट्या ओढला की तो फिरायचा, आणि त्याला पट्टा लावला की पिठाची चक्की, मळणीयंत्र, पाण्याचा पंप, म्हणाल ते चालायचं. इंजिनाची ताकद या दांड्याला जोडायची किंवा तोडायची, तर त्यासाठी मागच्या पेटीत एक वेगळा क्लच. सगळी गोष्ट त्या क्लचची आहे.

आम्हाला चालवायचा होता पंप. गावाच्या दक्षिणेच्या वस्तीतली मंडळी मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्धधर्माची दीक्षा घेऊन आली. त्याआधी ती गावविहिरीच्या कडेला घागरी घेऊन उभी राहायची आणि कोणी वरून पाणी ओतलं तर घेऊन जायची. परत आल्यापासून उभं राहणं त्यांनी बंद केलं. नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी वाटी-वाटीनं भरलं आणि होळीपासून स्वतःची विहीर खणायला घेतली. पस्तीस फुटांवर झरा लागला. पण विहिरीत पाणी असलं की पुढं खणता येत नाही, आणि दगडी बांधकामही करता येत नाही. दिवसभर बादल्यांनी उपसायचं, सकाळी पुन्हा पुरुषभर पाणी. वरची आठ फूट काळी माती. मृगाच्या आत बांधकाम वर आलं नाही तर ती माती आत बसणार आणि तोवरचं सगळं खणणं गाडलं जाणार, हे कोणालाही दिसत होतं.

म्हणून ट्रॅक्टर विहिरीवर नेला. ड्रायव्हर तानबा. त्यानं पट्टा चढवला, दट्ट्या ओढला. दांडा मोठ्या उमेदीनं चार फेरे फिरला, पंपाचं ओझं जाणवताच मंदावला आणि थांबला. आत काहीतरी गरागरा फिरत होतं, बाहेर काही फिरत नव्हतं. मग करपल्याचा वास आला. वस्तीतली पन्नास माणसं आधी पंपाकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. मी टोपी सारखी केली. दुसरं काय करणार?

आमचे शेजारी रूपराव हे पोस्टातून निवृत्त झालेले. तिकिटाशिवाय दुसरं काही त्यांनी कधी चिकटवलेलं नव्हतं, पण सल्ला देताना आवाजाला जे वजन लागतं ते त्यांच्याकडे जन्मतः होतं. त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून दांड्याचा आवाज ऐकला आणि निदान केलं, की यंत्राला कोरड पडली आहे. बैलगाडीचा आस ओरडला की आपण वंगण घालतो, हेही तसंच. साधं तेल नको, शुद्ध एरंडेल. तानबा म्हणाला, की क्लच म्हणजे काही आस नव्हे. पण तो ड्रायव्हर आणि रूपराव पेन्शनर, त्यामुळं त्याचं म्हणणं टिकलं नाही. मी स्वतः, माझ्या हातानं, मागच्या पेटीच्या वरच्या भोकातून सव्वा शेर एरंडेल ओतलं.

त्यानंतर दांडा चार फेरेही फिरेना.

मग मी माझ्या हक्काच्या प्रांतात, म्हणजे कागदात, शिरलो. तालुक्याच्या कचेरीला सविस्तर अर्ज केला. उत्तर आलं, की बिघडलेला भाग तपासणीसाठी सादर करावा. मी कळवलं, की भाग आत आहे, तरी यंत्र उघडण्याची परवानगी असावी. उत्तर आलं, की भाग तपासल्याखेरीज यंत्र उघडण्यास परवानगी देता येत नाही. मी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून तासभर पाहत बसलो. व्याकरणाची एकही चूक नव्हती. तिसऱ्या टपालानं एक छापील नमुना आला, तो मुळात संस्थेच्या बैलांसाठी होता. त्यात वय, रंग, शिंगांची ठेवण आणि खच्ची केले आहे किंवा कसे, हे विचारलं होतं. मी प्रत्येक रकान्यात विचार करून उत्तर लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं, कारण खोटं लिहायची मला सवय नाही.

हा नमुना मी भरतच होतो, तेवढ्यात जिजाबाई शाळेत आली. विहिरीचं सगळं काम तीच चालवायची. कोणी कधी उतरायचं, कोणी दगड फोडायचे, हे ती ठरवायची. ती दाराबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, कागद कवा येते?"

मी म्हणालो, आठ-पंधरा दिवसांत येईल.

"मंग मिरूग थांबन का तुमच्या कागदासाठी?"

एवढं बोलून ती गेली नाही, तिथंच उभी राहिली. मी नमुना घडी करून खिशात ठेवला. सरकारी यंत्र विनापरवाना उघडलं तर चिटणीसपद जाईल, आणि कदाचित मास्तरकीवरही शेरा येईल, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, की उघडून तरी काय करणार, जोडायला कोण आहे? ती म्हणाली, तिचा नवरा आहे.

तिचा नवरा लहानू. वर्ध्याच्या एका जिनिंगात बावीस वर्षं फिटरच्या हाताखाली. म्हणजे फिटर खुर्चीवर बसून सांगायचा आणि लहानू करायचा. कागदावर फिटरचं नाव. कापसाच्या जिनांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि तो उत्तर मात्र इतकं हळू द्यायचा की आपल्यालाच कान पुढं करावा लागे. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. तानबानं ट्रॅक्टर शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली आणून उभा केला. लहानूनं मागच्या पेटीचे बोल्ट काढले, झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि वळून विचारलं, "याले एरंडेल कोनं पाजलं?"

रूपराव कडुनिंबाकडे पाहू लागले. मी पंचवीस माणसांसमोर ओरडून, कारण हळू बोलून उपयोग नव्हता, सांगितलं, "मी."

लहानूनं मान हलवली. रागावला नाही, हसलाही नाही. पेटीत हात घालून त्यानं क्लचची चकती बाहेर काढली. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असायला हवं. ते झिजून रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत आलं होतं आणि वर माझं एरंडेल. या अस्तरानं लोखंडाला घट्ट धरायचं असतं, तेव्हा दांडा फिरतो. धरायच्या जागी तेल घातलं तर ते कशाला धरेल? हे त्यानं मला बोलून सांगितलं नाही. माझा तळवा धरायला हात पुढं केल्यासारखा करून, पण मला न शिवता, त्यानं हवेतच स्वतःचे दोन तळवे एकमेकांवर घासून दाखवले. मला कळलं.

यंत्राबरोबर इंग्रजीत छापलेलं एक पुस्तक आलं होतं. ते वाचण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि गेलेली अब्रू परत मिळवायची ही संधी आहे असं मला वाटलं. मी खुर्ची टाकून बसलो आणि मोठ्यानं वाचून मराठीत सांगू लागलो. तानबा एकेक भाग काढून पोत्यावर मांडत होता. पुस्तकात 'थ्रो-आउट बेअरिंग' असा शब्द आला. थ्रो म्हणजे फेकणे, आउट म्हणजे बाहेर. मी सांगितलं, की हे बेअरिंग निकामी असून फेकून द्यावं असं कंपनी म्हणते. तानबानं विचारलं, नक्की का? मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते भिरकावलं, ते कुंपणापलीकडे रूपरावांच्या उकिरड्यात पडलं. लहानू पेटीत डोकं घालून बसला होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी भाग मोजताना त्यानं विचारलं, की चकतीवरचा दाब उचलणाऱ्या तीन लोखंडी बोटांना ढकलून क्लच सोडवणारं बेअरिंग कुठं आहे. ते नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग आंजीचा हेडमास्तर, धोतराचा काचा मारून, रूपरावांच्या उकिरड्यात उतरला. लोक बांधावर बसून सूचना देत होते. रूपराव म्हणत होते, की उकिरडा उकरू नका, खत विस्कटेल. अर्ध्या तासानं बेअरिंग जिजाबाईला सापडलं. तिनं ते पदरानं पुसून नवऱ्याच्या हाती दिलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या त्या न पाहण्याबद्दल मी अजून ऋणी आहे.

इथपर्यंत मी जे सांगितलं ते माझ्या फजितीचं. यापुढचं सांगताना मला जरा नीट बसावं लागतं.

अस्तरावर दाबून बसणारी जी दुसरी, जाड लोखंडी चकती होती, ती तापून वाकली होती. डोळ्याला सपाट दिसायची. लहानू म्हणाला, सपाट नाही. पण किती आणि कुठं वाकली हे कळायला अगदी सपाट असं काहीतरी हवं. शाळेची फरशी नाही, पाटा नाही, फळा नाही. आमच्या घरात एक जाड बेल्जियन काचेचा आरसा आहे, विमलाबाईंच्या माहेरून आलेला. विमलाबाई म्हणजे माझी पत्नी. मी घरी जाऊन चाचरत विषय काढला. लहानू अंगणात उभा होता. विमलाबाई सरळ बाहेर गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "आत या, तुम्हीच उतरवा. यांच्या हातून तो फुटेल."

वस्तीतलं कोणी आमच्या उंबऱ्याच्या आत त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं. त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आम्ही येऊ दिली नव्हती. मी दारात उभा होतो आणि वाटेतून बाजूला व्हायला मला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याहून थोडा जास्त लागला. ते मी लपवत नाही. लहानूनं पायताण बाहेर काढलं, आत येऊन आरसा दोन्ही हातांनी असा उतरवला की खिळासुद्धा हलला नाही.

कडुनिंबाखाली पोत्यावर आरसा आडवा ठेवला. त्यावर दिव्याचं काजळ आणि चार थेंब तेल कालवून अगदी पातळ हात फिरवला. चकती त्यावर अलगद टेकवली, जराशी फिरवली, उचलली. चकतीवर तीनच ठिकाणी काळे ठिपके. म्हणजे तेवढ्याच तीन जागा उंच, बाकी सगळं खाली. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या पट्टीनं त्यानं ते तीन ठिपके खरवडले, भुसाही पडला की नाही दिसू नये इतके हलके. पुन्हा काजळ, पुन्हा आरसा. आता पाच ठिपके. पुन्हा खरवडणं. पुन्हा नऊ. असे तीन दिवस. रूपराव पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आले, तिसऱ्या दिवशी बोलायचे थांबले. ही गोष्ट त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही खरी वाटणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं चकती उलटली तेव्हा तिच्यावर कडेपासून कडेपर्यंत, कुठंही जागा न सोडता, बारीक काळे ठिपके उठले होते. मी एकवीस वर्षं मुलांना 'सपाट पृष्ठभाग' ही व्याख्या पाठ करायला लावली. तो पृष्ठभाग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

इथून पुढं मी त्यांना लहानूजी म्हणतो. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तोंडातून तसंच निघालं.

अस्तर विलायतेहून यायला सहा महिने लागतील असं नागपूरच्या दलालानं कळवलं होतं. लहानूजींनी जिनिंगातला टाकून दिलेला विणलेल्या सुताचा जाड पट्टा मागवला, राखेच्या पाण्यात उकळून त्याचं तेल काढलं आणि त्याची दोन गोल कडी कापली. रिव्हेटांना तांबं हवं होतं. विमलाबाईंनी न्हाणीतल्या घंगाळाच्या दोन्ही कड्या काढून दिल्या. मला ते आंघोळीच्या वेळी कळलं. त्या कड्यांचे चोवीस तुकडे झाले आणि एकेकाचं डोकं ठोकून अस्तरात खोल बसवलं गेलं.

मग ती तीन बोटं. तिन्ही एकाच वेळी, एकाच अंतरावर टेकली पाहिजेत. एक जरी पुढं-मागं झालं तर चकती तिरपी उचलते आणि नवं अस्तर आठ दिवसांत जातं. मी शाळेची फूटपट्टी पुढं केली. लहानूजींनी तिच्या रेघांकडे पाहिलं आणि बायकोकडे हात पसरला. जिजाबाईनं हिरव्या बांगडीचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. रूपराव चपापले आणि मला कानात म्हणाले, की सवाष्णीनं नवऱ्याच्या हाती फुटकी बांगडी देणं बरं नव्हे. जिजाबाईचे कान शाबूत होते.

"विहिरीत दगड उचलताना रोज एक फुटते, भाऊ," ती म्हणाली. "ह्यायचं काई होत नाई."

तो तुकडा एकेका बोटाखाली सरकवून, तो ना अडेल ना सैल राहील अशा बेतानं त्यांनी तिन्ही बोटं आवळली. मी पाहत होतो. त्यांच्या अंगठ्याचं नख बोटाच्या टोकाला टेकलेलं होतं आणि पाना हलला तरी दिसत नव्हता.

चकती दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा बारा होत्या. तापून दमलेल्या, लहानमोठ्या झालेल्या. त्या मोजून लहानमोठ्या लावायचं काम मला दिलं होतं, कारण माझी फूटपट्टी कुठंतरी कामी यावी असं लहानूजींना वाटलं असावं. आखूड स्प्रिंगांखाली पातळ वॉशर घालून सगळ्या सारख्या केल्या. पेटी बंद केली आणि ट्रॅक्टर विहिरीवर गेला.

सकाळची वेळ. विहिरीत पुरुषभर पाणी. सगळी वस्ती काठावर, आणि गावातलेही बरेचजण, काही कामासाठी आणि काही माझ्यासाठी. तानबानं इंजिन सुरू केलं, दट्ट्या हळूहळू ओढला. दांडा फिरला. पट्ट्यानं झोल घेतला, ताणला, पंप फिरला. नळीनं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि पाणी आलं. लोकांनी गलका केला.

लहानूजींनी हात वर करून तानबाला थांबवलं.

ते पेटीला तळवा लावून बसले होते. डोळे मिटलेले. त्यांनी तळवा जागेवरून थोडा हलवला, पुन्हा ठेवला, आणि म्हणाले, "एक स्प्रिंग नाई यात."

तानबा म्हणाला, की पाणी तर येतंय. रूपराव म्हणाले, की बाराच्या बारा घातल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं. मी म्हणालो, ओरडून म्हणालो, की मी बारा मोजून दिल्या, आणि कोटाच्या खिशात हात घालून रुबाबात उभा राहिलो. खिशात बैलांच्या नमुन्याची घडी होती. घडीच्या खाली, बोटांना लागलेली, गार आणि वेटोळी, बारावी स्प्रिंग होती.

ती न दाखवता घरी जाता आलं असतं. पाणी येतच होतं. हे माझ्या मनात आलं, आणि किती वेळ राहिलं ते मी सांगणार नाही. मग मी सगळ्यांसमोर हात बाहेर काढला आणि तळहात उघडला.

कोणी हसलं नाही. सगळे माझ्या हाताकडे पाहत नव्हतेच, सगळे लहानूजींकडे पाहत होते. ज्या माणसाला समोरची हाक ऐकू येत नाही, त्यानं बंद लोखंडी पेटीतली, नसलेली वस्तू तळव्यानं ओळखली होती. तानबानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पेटी पुन्हा उघडली, बारावी स्प्रिंग बसली, पुन्हा बांगडीचा तुकडा फिरला. उन्हं वर आली तेव्हा दट्ट्या दुसऱ्यांदा ओढला गेला.

विहिरीचं सांगून टाकतो. पंप नऊ दिवस चालला. तळ उघडा पडला, आणखी सात फूट खणलं, खाली दोन झरे लागले आणि मृगाला पाच दिवस असताना दगडी बांधकाम जमिनीच्या वर आलं. कचेरीकडून विचारणा आली, की यंत्र कोणाच्या परवानगीनं उघडलं. मी उत्तरात लिहिलं, की माझ्या. आणि दुरुस्ती कोणी केली या रकान्यात लहानूजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं. चिटणीसपद गेलं. त्यासाठी मी विमलाबाईंची बोलणी खाल्ली नाहीत, हे आमच्या घरातलं नवल.

पण मला जे सांगायचं होतं ते त्या सकाळचं आहे. दट्ट्या दुसऱ्यांदा ओढला, दांडा फिरला, पाण्याची मांडीएवढी धार पाटात पडू लागली. लोक तिकडे धावले. बायका पाटात उतरल्या. रूपरावांनी धोतर वर घेतलं. लहानूजी एकटे ट्रॅक्टरमागं उकिडवे बसून पेटीला तळवा लावून होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचं पाहून मीही पेटीवर हात ठेवला. मला इंजिनाची थरथर तेवढी लागली, बाकी काही नाही. मी मान हलवली, की मला कळत नाही.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझं मनगट धरलं. काळ्या तेलानं माखलेली, खरबरीत, जड बोटं. त्यांनी माझा हात चार बोटं डावीकडे सरकवला, तळवा लोखंडावर दाबला आणि वर स्वतःचा हात ठेवला.

"आता पाहा," ते म्हणाले.

थरथरीच्या खाली, खूप आत, काहीतरी शांत होतं. ते सरकत नव्हतं, घसरत नव्हतं. धरून होतं.